चुनखडकात शिंपले शोधू नका : लोकापूर-बागलकोटच्या फील्ड मीटिंगला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवाश्म, म्हणजे मायक्रोस्कोपखालीच दिसणारे जीवाश्म, शोधायच्या पहिल्या फील्ड मीटिंगला मी काय काय नेलं होतं, ते सांगितलं तर तुम्ही हसाल. ६३ मायक्रॉनची चाळणी, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, काळा पिकिंग ट्रे आणि तीन शून्यांचा ब्रश. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मजीवाश्म म्हणजे फोरामिनिफेरा (समुद्रातल्या एकपेशी जीवांची कवचं), एवढंच हातात आलेलं. उत्तर कर्नाटकातल्या लोकापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कापात सगळे उतरले, मी ऐटीत चाळणी बाहेर काढली. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "काय गाळणार?" मी म्हटलं, "फोरॅम, सर." ते थोडा वेळ खडकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा खडक शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचा आहे. तुझे पाहुणे अजून जन्मायचे होते बाळा." पुढचे दोन दिवस त्या चाळणीत आम्ही भाजलेल्या शेंगा ठेवल्या.

तुमची चाळणी वाचावी म्हणून हे लिहितोय.

१. बॅग भरण्याआधी खडकाचं वय विचारा

बेळगावहून पूर्वेला निघालं की आधी डेक्कन ट्रॅपचा काळा पत्थर आणि त्यावरची काळी माती. मग टेकड्यांचा रंग बदलतो, वालुकाश्म आणि क्वार्टझाइट सुरू होतात. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली पडते, तो याच कुळातला. त्याच्यापुढे लोकापूर, मुधोळ, बागलकोटच्या सपाटीवर चुनखडक, डोलोमाइट (मॅग्नेशियमवाला चुनखडक) आणि शेल (पापुद्र्यांचा चिखलखडक) यांचे थर. या सगळ्याला कलादगीचं खोरं म्हणतात. नाव कलादगी गावावरून पडलं. जिल्ह्याचं ठाणं विजापूरला हलण्याआधी ते इथं होतं. आता गाव चिकू-डाळिंबांसाठी माहीत आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या भागाचं वर्णन केलं, ते 'दक्षिण मराठा देश' या नावाखाली. आपल्या वाचकांना ते नाव परकं वाटणार नाही.

या खोऱ्यात दोन मोठे गट आहेत. खालचा बागलकोट गट, घड्या पडलेला, थर तिरके. त्यावर जवळजवळ आडवा पसरलेला बदामी गट. दोघांच्या मध्ये मोठी विसंगती, म्हणजे खालचे थर वाकले, झिजले आणि बऱ्याच काळानं वरचे साचले. मीटिंगमध्ये "लोअर की अप्पर?" असं कुणी विचारलं, तर बहुतेक वेळा हीच सीमा मनात असते.

आता हिशेब करा. कवचवाले फोरामिनिफेरा कॅम्ब्रियनपासून, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांच्या अलीकडचे. ऑस्ट्राकोड (शिंपल्यासारख्या कवचातले इवले प्राणी) त्याहून अलीकडचे. डायटम (सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं) तर फारच नवे. बागलकोट गट साचला, तेव्हा कवच करणारं कोणीही नव्हतं. तेव्हा होते ते सायनोबॅक्टेरियाचे (नीलहरित शैवालांचे) धागे आणि गोळे, आणि सेंद्रिय भिंतीच्या काही पेशी, ज्यांना आपण ॲक्रिटार्क म्हणतो. या पेशी चुनखडकात नसतातच असं नाही, पण नीट टिकतात दुसरीकडे. हे दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सहाव्या पायरीत सांगतो. अख्ख्या मीटिंगचा जीव त्यात आहे.

तुम्हाला खरंच ऑस्ट्राकोड आणि कॅरोफाइटच (गोड्या पाण्यातली शैवालं) हवे असतील, तर प्रश्न वेगळा. डेक्कन ट्रॅपच्या दोन लाव्हांच्या मधे गोड्या पाण्याचे पातळ थर सापडतात, त्यांचं वय साडेसहा कोटींच्या आसपास. तिथं चाळणी लागते. पण एकाच फेरीत दोन्ही करू नका. अवजारं वेगळी, डोळा वेगळा.

२. तारीख आणि प्रवास

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी काळी माती बुटाला दोन-दोन किलो चिकटते, आणि मार्चनंतर बारा वाजता खडकाला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेतात जोंधळा उभा असतो, त्यामुळे काही उघडे खडक दिसतच नाहीत. हे आयोजकांना माहीत असतं, पण तुम्ही जुना नकाशा बघून "इथं आउटक्रॉप आहे" म्हणत पिकात घुसू नका.

कोल्हापूर-पुण्याकडून रेल्वेनं बेळगाव, आणि पुढे यरगट्टीवरून लोकापूर, हे सोपं. बेळगाव ते लोकापूर शंभरेक किलोमीटर. सोलापूरकडून येणाऱ्यांना विजापूर-बागलकोट-गदग मार्गाची गाडी जवळ पडते. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. लोकापूर, मुधोळ, बागलकोट, रामदुर्ग ही चार नावं कन्नड लिपीत फोनमध्ये जपून ठेवा आणि पाटीशी जुळवून बघा. कंडक्टरला विचारायला लाजू नका. मुधोळ घोरपड्यांचं संस्थान, रामदुर्ग भाव्यांचं, जमखंडी पटवर्धनांची. या गावांत मोडकंतोडकं का होईना, मराठीत उत्तर मिळतं.

एक सावधगिरी आहे आणि ती खडकांशी संबंधित नाही. हिवाळ्यात उसाचा हंगाम असतो. रात्री गोकाक-मुधोळ-जमखंडीच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. सूक्ष्मजीवाश्म शंभर कोटी वर्षं थांबलेत, आणखी एक रात्र थांबतील.

३. कागदपत्रं

ही बाब कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यात:

- कॉलेजचं किंवा संस्थेचं ओळखपत्र आणि आधारची प्रत
- विभागप्रमुखांचं पत्र, इंग्रजीत एक आणि शक्य असेल तर कन्नडमध्ये एक. "अभ्यासासाठी दगडांचे छोटे नमुने" एवढं स्पष्ट लिहिलेलं
- खाणीत जायचं असेल तर खाणमालकाची किंवा व्यवस्थापकाची लेखी परवानगी, ती आयोजक घेतात. तुमचं नाव त्या यादीत आहे का, हे निघण्याआधी विचारा

तिसऱ्या मुद्द्यानं मला एकदा धडा दिला. यादीत नाव नव्हतं म्हणून एका खाणीच्या फाटकाबाहेर तीन तास पहारेकऱ्याबरोबर चहा पीत बसलो. चहा चांगला होता, पण आतला काळा शेल बाकीच्यांच्या पिशव्यांत गेला.

बदामी, ऐहोळे, पट्टदकल इथं फिरायला जाल, जाच, पण हातोडा गाडीत ठेवून. लेण्यांचा लाल वालुकाश्म बदामी गटातलाच आहे, विद्यार्थ्याला मोह होतो. ती संरक्षित स्मारकं आहेत, आणि पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा आहे.

४. नकाशा

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर नोंदणी करून भूशास्त्रीय नकाशे उतरवता येतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे बघितलं, तर बेळगाव शहर ४८ आय मध्ये येतं, गोकाक ४७ एल, लोकापूर-बागलकोट ४७ पी आणि बदामी ४८ एम. म्हणजे एका मीटिंगला चार पत्रकं. विभागाच्या कपाटातली जुनी पत्रकं नेणार असाल, तर एक सापळा आहे. ती एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायचा जुना पाया) आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. आकडे जसेच्या तसे टाकले की बिंदू चांगलाच सरकतो. आमच्या गटातल्या एकाचा 'स्ट्रोमॅटोलाइट' (सूक्ष्मजीवांच्या चटयांनी थरावर थर चढवलेला दगड) नकाशावर तळ्याच्या मधोमध गेला होता.

५. हत्यारं

भूशास्त्राचा हातोडा, छिन्नी, डोळ्यांना गॉगल. चर्ट (सिलिकाचा गारगोटीसारखा कडक खडक) फुटतो तेव्हा काचेसारखी कपची उडते, त्यामुळे गॉगल शोभेला नाही. हातोड्यावर हातोडा मारू नका, पोलादाची कपचीही तशीच उडते. दहापट भिंग, कंपास, मार्कर, वही, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी ड्रॉपर बाटली.

आम्लाबद्दल दोन गोष्टी. रेल्वेत आणि विमानात ते चालत नाही, तेव्हा घरून आणू नका, आयोजक बेळगावातून घेतात. आणि बाटली पँटच्या खिशात ठेवू नका. का, ते विचारू नका. माझी एक पँट आजही फक्त गाडी धुताना वापरतो.

खडकाला थेंब टाका. चुनखडक ताबडतोब जोरात फसफसतो. डोलोमाइट ढिम्म राहतो, सुरीनं खरवडून भुकटी केली की मग हळूहळू बुडबुडे. चर्टला काहीच फरक पडत नाही. बाहेरून डोलोमाइट ओळखायची आणखी एक खूण म्हणजे हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला पृष्ठभाग.

६. काय उचलायचं

आधी एक गोष्ट मनावर कोरून घ्या. शेतात, खाणीत, रस्त्याच्या कापात तुम्हाला एकही सूक्ष्मजीवाश्म दिसणार नाही. धागे काही मायक्रॉन जाड, ॲक्रिटार्क दहा-वीस मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंत. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. दहापट भिंगातून हे दिसत नाही. तुम्ही तिथं जीवाश्म गोळा करत नाही, जीवाश्म असू शकतील असे खडक निवडता. सगळं कौशल्य या निवडीत.

चर्ट का? १९५४ मध्ये टायलर आणि बार्गहूर्न यांनी कॅनडातल्या गनफ्लिंट चर्टमधून सूक्ष्मजीवाश्म जाहीर केले, आणि तेव्हापासून जगभर प्रीकॅम्ब्रियनवाले, म्हणजे कॅम्ब्रियनच्या आधीच्या खडकांवर काम करणारे, चर्टच्या मागे लागले. सूक्ष्मजीव कुजायच्या आत सिलिका त्यांच्याभोवती जेलसारखी घट्ट होते आणि पेशी तशीच्या तशी अडकते, आंब्याच्या वडीत कोय राहून जावी तशी. चुनखडक मात्र पुन्हा पुन्हा स्फटिक बदलतो, आणि प्रत्येक बदलात आतलं नाजूक काही तरी पुसलं जातं.

पण सगळा चर्ट सारखा नाही, आणि इथंच नवखे फसतात. या भागात चर्ट-ब्रेचिया भरपूर दिसतो. तुटक्या चर्टचे तुकडे पुन्हा चिकटलेले, दिसायला देखणा, फोटोला उत्तम. पहिल्या वर्षी मी त्याच्या दोन पिशव्या भरल्या होत्या. त्यातला बराच चर्ट नंतर शिरलेल्या सिलिकाचा असतो, किंवा इतका भाजलेला-बदललेला की पातळ कापातून (मायक्रोस्कोपखाली बघायला कापलेली खडकाची चकती) पांढऱ्या स्फटिकांखेरीज काही निघत नाही. तुम्हाला हवा तो काळा किंवा गडद करडा, बारीक पोताचा, थरांबरोबर चाललेला, आणि स्ट्रोमॅटोलाइटच्या शेजारचा. लाल, गुलाबी, पांढरा चर्ट सोडा. लाल म्हणजे लोह गंजलेलं, आणि जिथं लोह गंजलं, तिथं सेंद्रिय पदार्थही जळून गेला.

शेलचंही तसंच. जांभळा-लाल शेल नको. उन्हा-पावसानं पिवळा पडलेलाही नको. करडा, हिरवट, काळा आणि ताजा हवा. ताजा शेल कुठे मिळतो? खाणीच्या नव्या भिंतीत. आणि विहिरीच्या कडेला. कोणी नवी विहीर खोदत असेल तर तिचा उपसा म्हणजे सोन्याची खाण. तीस-चाळीस फूट खालचा, हवा न लागलेला शेल फुकट बाहेर आलेला असतो. मी आता गावात शिरताना आधी नव्या विहिरींचे ढीग बघतो. फक्त वरून आलेला आणि खालून आलेला माल मिसळलेला असतो, म्हणून शेतकऱ्याला विचारा, कुठला दगड किती खोल लागला. त्याला ते अचूक आठवतं, कारण प्रत्येक फुटाचे पैसे त्यानं मोजलेले असतात.

आणि स्ट्रोमॅटोलाइट. कोबीचा गड्डा उभा चिरल्यावर दिसतात तशा कमानी. सूक्ष्मजीवांच्या चटयांनी गाळ पकडत थरावर थर चढवलेले. हे साध्या डोळ्यांनी दिसतात, आणि खूप उपयोगाचे. कमानीचा फुगवटा वरच्या दिशेला असतो, त्यामुळे घड्यांनी उलटलेल्या थरांत 'वर' कुठे होतं ते कळतं. त्यांना हातोडा लावू नका. फोटो घ्या, शेजारी पेन ठेवा, आणि पुढे चला. ज्या थरात एकदा घाव बसला, तिथं पुढची बॅच फक्त खड्डा बघते.

७. शेतात पाय टाकण्याआधी

आधी माणूस शोधा. "ई होला यारदु री?" म्हणजे हे शेत कोणाचं. "कल्लु नोडाक बंदीवि री" म्हणजे दगड बघायला आलोय. शेवटचा 'री' विसरू नका, आपल्या 'हो'सारखाच मानाचा. चुनखडक सांगायचा असेल तर सुण्णद कल्लु म्हणा, पानाचा चुना तो सुण्णा. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि वर शेंगा देतात. पण "यात सोनं निघतं का?" हा प्रश्न येणारच. हसून "नाही री, फक्त जुनी शेवाळं" म्हणा, आणि ढीगभर दगड गाडीत भरू नका, नाहीतर तुमच्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सुट्टे दगड उचलताना ते आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खालचं मोकळं तोंड पलीकडे राहतं. फुरसं अशा खडकाळ जागीच बसतं. खाणीत सुरुंगाची वेळ विचारा आणि लाल झेंड्यापलीकडे जाऊ नका.

८. नमुना म्हणजे दगड अधिक पत्ता

पत्ता नसलेला नमुना म्हणजे नुसता दगड. प्रत्येकाला:

- दगडावरच मार्करनं क्रमांक, पिशवीवर क्रमांक, आत चिठ्ठीवर क्रमांक. तीन ठिकाणी
- फोनवरचे अक्षांश-रेखांश वहीत हातानं लिहिलेले
- थराची नती (किती अंशांनी कललाय) आणि तिची दिशा, आणि दगडावर वर दाखवणारा बाण
- खालून कितव्या थरातला, वर-खाली काय आहे
- उघड्या खडकाचा फोटो, नमुना काढण्याआधी

चिठ्ठी शाईच्या पेननं लिहू नका. माझ्या चिठ्ठ्या घामानं धुतल्या गेल्या होत्या आणि सात नमुन्यांचे जन्मदाखले एका दुपारीत गेले. पेन्सिल घ्या. दगड वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवा. शेल ओला असेल तर प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, बुरशी धरते आणि ती बुरशी पुढे तुम्हाला 'जीवाश्म' म्हणून दिसते. अर्धा किलो पुष्कळ झाला. वीस नमुने नीट आणा, साठ नको.

९. संध्याकाळची बैठक

दिवसभर तंगडतोड झाल्यावर खानावळीत जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाय (भरली वांगी) आणि शेंगाचटणी. मग कोणाच्या तरी खोलीत मायक्रोस्कोप लावतात. ही बैठक चुकवू नका. जुन्या मंडळींच्या पेट्यांतून आधीच्या वर्षांच्या काचपट्ट्या निघतात, आणि तिथं भांडणं होतात. चांगली भांडणं.

भांडणाचा मुद्दा बहुधा एकच: हे खरं की घाण? खडकाच्या भेगांत आजचे सायनोबॅक्टेरिया, बुरशीचे धागे, दगडफुलाची मुळं शिरलेली असतात. ती आम्लात शिल्लक राहतात आणि काचपट्टीवर प्राचीन दिसतात. म्हणून पुरावा पातळ कापातला हवा. धागा खनिजाच्या आत गुंतलेला आहे का? नंतर आलेली कॅल्साइटची शीर त्याला कापून जाते का? कापत असेल, तर धागा शिरेपेक्षा जुना. एकाच आकाराचे पुष्कळ नमुने, पेशी विभागताना दिसणं, याही खुणा. रंग पिवळा, तपकिरी की काळा, हे खडक किती तापला ते सांगतं.

"मला वाटतं हे नवं आहे" असं पहिल्या मीटिंगला म्हणू नका. "हे भेगेत नाही ना?" असं विचारा. तुमच्याकडे लगेच वेगळ्या नजरेनं बघतील. आणि बेळगावहून कुंदा किंवा गोकाकचा करदंट नेलात, तर तुमच्या काचपट्टीला पाच मिनिटं जास्त मिळतात. हे अनुभवाचं सांगतोय.

१०. परत गेल्यावर

चर्टचा पातळ काप करायला द्या. नेहमीचा ३० मायक्रॉनचा काप खनिजांसाठी ठीक, पण जीवाश्माला खोली असते, म्हणून पन्नास-शंभर मायक्रॉनचा एक जाड कापही मागा. कापणाऱ्याला बाण दाखवा आणि थराला काटकोनात कापायला सांगा.

शेल आम्लात विरघळवायचा असतो. आधी हायड्रोक्लोरिक, कार्बोनेट संपेपर्यंत, मगच हायड्रोफ्लुओरिक. क्रम उलटा केला किंवा घाई केली, तर कॅल्शियम फ्लोराइडचे स्फटिक तयार होतात आणि काचपट्टी साखर सांडल्यासारखी दिसते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल घरी, गॅरेजमध्ये, कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत अजिबात वापरू नका. त्वचेवर पडलं तर बऱ्याचदा सुरुवातीला दुखतही नाही, आत शिरून शरीरातलं कॅल्शियम खेचतं. फ्यूम हूड, जाड हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि शेजारी शिकलेला माणूस, यातलं एक नसेल तर थांबा. लखनौची बिरबल साहनी संस्था किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणी पुराजीवशास्त्राचं काम चालतं. मार्गदर्शकांमार्फत पत्र लिहून विचारा.

वीस नमुन्यांतून एक-दोन बोलले तरी त्या फेरीला यश म्हणतात. बाकीचे अठरा टाकून देऊ नका. प्रत्येकाचा अर्धा तुकडा क्रमांकासकट ठेवा, आणि "या थरात काही मिळालं नाही" हेही वहीत लिहा. माझ्या पहिल्या वर्षीच्या त्या दोन पिशव्या चर्ट-ब्रेचिया अजून कपाटाखाली आहेत. पुढच्या खेपेला येणाऱ्यांना दाखवतो.